किमान देय

इंदूरला बदली झाली की माणसाचे नातेवाईक वाढतात. नाशिकला होतो तेव्हा आमच्याकडे लोक यायचे ते त्र्यंबकेश्वरला जाता जाता, चहापुरते. इथे आलो आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये उज्जैनला महाकाल लोक उघडलं. तेव्हापासून आमच्या जादा गाद्या माळ्यावर परत गेलेल्या नाहीत. येणाऱ्यांचा बेतही ठरलेला. एक दिवस उज्जैन, दुसऱ्या दिवशी ओंकारेश्वर, येताना वाट वाकडी करून महेश्वर. तिथे अहिल्याबाईंचा वाडा, नर्मदेचा घाट आणि मग दोन तास साड्या. आणि पाय कितीही दुखत असले तरी रात्री सराफा.

कर्जावर लिहिणारी माणसं बहुधा त्यातून सुटून काठावर बसलेली असतात. मी अजून पाण्यातच आहे, त्यामुळे माझ्याकडून उपदेशाची अपेक्षा नको. काय काय कळलं नाही आणि ते कसं कळत गेलं, एवढंच सांगते.

सराफा म्हणजे राजवाड्याजवळची सोन्याचांदीची जुनी पेठ. दिवसा दागिने, रात्री दुकानांची शटर खाली आली की त्याच दुकानांच्या ओट्यांवर कढया चढतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गल्लीत पाय ठेवायला जागा राहत नाही. भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे पॅटिस, थंडीत तळून जिरावण भुरभुरलेला गराडू, मालपुवा, रबडी, एकट्याने संपवायची नाही अशी भलीमोठी जिलेबी. शिकंजी मागवली तर लिंबाचं सरबत येत नाही, घट्ट दूध येतं. जोशींकडे दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, त्यासाठी पाहुण्यांचे फोन आधीच वर झालेले असतात. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली तर चोर फिरकणार नाहीत, म्हणून सराफांनीच हे खाणंपिणं ओट्यांवर बसू दिलं, असं इथले जुने लोक सांगतात.

आता यात पैसे कोणी द्यायचे, हा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नाही. यजमान आपण. नवरा फोन काढून पुढे, पाहुणे "अहो दादा, राहू द्या की" म्हणत मागे. क्यूआरवर फोन धरला की ठेल्यावरची डबी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, "दो सौ चालीस रुपये प्राप्त हुए." खरं सांगायचं तर त्या आवाजात एक सुख होतं. आपण दिले, हे आपल्याला सांगावं लागत नव्हतं.

असे पैसे खात्यातून गेले की महिन्याच्या बारा-पंधरा तारखेला खातं कोरडं. मग किराणा, पेट्रोल, गॅस हे सगळं कार्डावर. कार्डं दोन. एक पगाराच्या खात्याबरोबर आपसूक आलेलं, दुसरं मॉलमध्ये टेबल मांडून बसलेल्या एका गोड बोलणाऱ्या मुलाने दिलेलं. बिल यायचं त्यात दोन आकडे असायचे, एकूण देय आणि किमान देय. किमान देय आम्ही तारखेच्या आत, न चुकता भरत होतो. तारीख कधी चुकवली नाही याचा मला अभिमान होता. घरात कर्ज आहे, असं तेव्हा कोणी म्हणालं असतं तर मी भांडले असते. कर्ज म्हणजे घराचं. किंवा शेतकऱ्याचं. आमचं काय, ते तर कार्डाचं बिल!

भाचीच्या बारशाला चांदीचे वाळे आणि वाटी-चमचा घ्यायला मी एकटीच सराफ्यात गेले होते, दिवसा. वाळे निवडले, वजन झालं, पावती झाली. पहिलं कार्ड चाललं नाही. दुसरंही नाही. मशीनला रेंज नसेल, असं मीच म्हणाले. दुकानदार वयस्कर होते. त्यांनी वाळे लाल कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "ले जाइए. बाद में दे देना. आप तो यहीं की हैं." त्यांनी नकार दिला असता तर मी मशीनला नावं ठेवत घरी आले असते. त्यांनी उधार दिलं, आणि ते घेताना मला दरदरून घाम फुटला. त्या पुडीचे पैसे नेमके कुठून येणार, हे मला सांगता येत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी रामबागेत आत्यांकडे गेले. नवऱ्याची आत्या. पन्नास वर्षं इंदुरात राहिलेल्या, त्यामुळे त्यांच्या मराठीत माळव्याची हवा भरलेली. आतोबा एका कापड गिरणीत कारकून होते. इंदूरच्या गिरण्या बंद पडत गेल्या तो काळ आत्यांनी चूल सांभाळत काढला आहे. इथल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना १९९१ मध्ये गेलेल्या नोकरीची देणी २०२३ च्या डिसेंबरात मिळाली, बत्तीस वर्षांनी. अशा शहरातल्या बाईला पैशाची रड सांगायला जाताना मला जरा लाज वाटत होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "किती आहे एकूण?"

मला माहीत नव्हतं. अंदाज सांगितला, साठ-सत्तर हजार असतील.

"अंदाज कशाला सांगून राहिलीस? कागद आण."

कागद नव्हतेच. सगळं फोनमध्ये. आत्यांच्या जेवणाच्या टेबलावर मी बिलं उघडत गेले आणि आत्या एका जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर लिहीत गेल्या. चष्मा नाकावर, हातात शाळेतली लाल-निळी पेन्सिल. पहिल्या कार्डावर एक लाख बारा हजार. दुसऱ्यावर अठ्ठ्याहत्तर हजार. एक लाख नव्वद. आकडा खाली लिहून त्याच्याखाली त्यांनी दोन रेघा ओढल्या. बेरजेखाली दोन रेघा शाळा सुटल्यापासून मी पाहिल्या नव्हत्या. फोनचे आणि वॉशिंग मशीनचे हप्ते याच्या बाहेर, ते वेगळ्या पानावर.

माझी तेव्हा खात्री होती की हे सगळं सराफ्याने केलं. खाण्यात पैसा जातो, जिभेचे चोचले, अंथरूण पाहून पाय पसरावेत वगैरे जे आपल्याला लहानपणापासून ऐकवलेलं असतं, ते सगळं मी स्वतःलाच ऐकवून घेतलं. आता सराफा बंद, असं जाहीरही केलं. आत्या म्हणाल्या, आधी वर्षाचं लिहू. मग आम्ही बाराही महिन्यांची विवरणपत्रं उघडली. हे काम फार कंटाळवाणं आहे, आणि याबद्दल कोणीच आधी सांगत नाही. नावं कळत नाहीत. भुट्ट्याच्या कीसवाल्याचे पैसे कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या नावावर दिसतात, कारण क्यूआर त्याच्या मुलाचा असतो. पण रात्री अकराला दिलेले साठ-सत्तर रुपये दिसले की ते सराफ्याचेच, हे हळूहळू ओळखू यायला लागलं.

सराफ्यातलं वर्षाचं खाणं साडेतेरा हजार निघालं. पाहुण्यांसकट. पाहुण्यांच्या गाड्या आणि फिरती अठ्ठेचाळीस हजार. साड्या, आहेर, चांदी एकसष्ट. फोन आणि मशीनचे हप्ते त्रेचाळीस. आणि सगळ्यात मोठा आकडा बावन्न हजारांच्या पुढे गेला तो ना खाण्याचा ना नेसण्याचा. नाही, चुकले, साड्या-आहेर त्याच्याहून मोठे होते. पण साड्या निदान कोणाच्या तरी अंगावर होत्या. हे बावन्न हजार म्हणजे व्याज, त्या व्याजावरचा अठरा टक्के जीएसटी आणि दोन कार्डांची वार्षिक फी.

"व्याजावर कर?" आत्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सरकार याचा पण कर घेतं?"

घेतं. बँकेने दिलेली ती सेवा धरली जाते.

आता किमान देय म्हणजे काय, ते. आमच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के. ऐकायला साडेतीनच. वर्षाचे बेचाळीस. एक लाख थकबाकी धरा. महिन्याचं व्याज साडेतीन हजार, त्यावर जीएसटी सहाशे तीस, म्हणजे चार हजार एकशे तीस. किमान देय पाच टक्के, म्हणजे पाच हजार. मी पाच हजार भरते, त्यातले चार हजार एकशे तीस व्याजाकडे जातात आणि माझं देणं आठशे सत्तर रुपयांनी कमी होतं. याच गतीने लाखाचे पन्नास हजार व्हायला सहा वर्षांहून जास्त लागतात, तेही त्या काळात कार्डावर एक काडेपेटीसुद्धा घेतली नाही तर. आत्यांनी हे गणित पुन्हा एकदा करून पाहिलं. आठशे सत्तरच आलं.

हे लपवलेलं नव्हतं, हीच त्यातली गंमत. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार प्रत्येक बिलावर सूचना छापावी लागते की नुसतं किमान देय भरत राहिलात तर परतफेड महिनोन्महिने, वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज लागेल. आमच्या बिलावरही ती होती. मी ती दर महिन्याला बोटाने वर सरकवत होते, भरण्याचं बटण खाली होतं म्हणून.

दुसरी न कळलेली गोष्ट अशी. मला वाटायचं, नव्या खरेदीवर पंचेचाळीस-पन्नास दिवस व्याज नसतं. असतं ना. मागची बाकी शून्य असेल तरच ती सवलत. थोडी जरी बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज धावायला लागतं. म्हणजे महेश्वरला मामेसासूबाईंना घेतलेल्या साडीवर त्या साडी नेसायच्या आधीच व्याज चढत होतं. आणि 'विनाव्याज हप्ते'? ते तर रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. ते व्याज कुठेतरी किमतीत किंवा न मिळालेल्या सवलतीत मुरलेलं असतं.

मी घरी येऊन हे सगळं नवऱ्याला सांगितलं. तो आधी चिडला, मग गप्प झाला, मग फोनवर वाचत बसला. त्याची ही पद्धत आहे. रात्री त्याने वाचून दाखवलं की क्रेडिट कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटलं होतं, आणि २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. "म्हणजे तिकडूनही काही नाही," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तुकोजीरावांनी इंग्रजांना रेल्वेसाठी एक कोटी दिले होते, माहितीये? साडेचार टक्क्यांनी." दुसरे तुकोजीराव होळकर, १८७० च्या सुमाराला, खंडवा-इंदूर लाइनसाठी. इंदूरचा राजा इंग्रज सरकारला साडेचार टक्क्यांनी कर्ज देतो आणि त्याच्या राजवाड्यापासून हाकेच्या अंतरावर आम्ही बेचाळीस टक्क्यांची जिलेबी खातो, यावर आम्ही दोघं खूप हसलो. बऱ्याच दिवसांनी पैशाच्या विषयावर हसलो.

त्यानंतरचा आठवडा मात्र वादाचा. तो म्हणे, लहान कार्ड आधी संपवू, एक तरी कटकट जाईल. मी म्हणे, ज्याचं व्याज जास्त ते आधी. दोन्हींचंही व्याज सारखंच आहे, हे आत्यांनी दाखवल्यावर तो वाद मिटला. मग त्याने सुचवलं, एका कार्डाची बाकी दुसऱ्यावर घेऊ. याची टोपी त्याच्या डोक्यावर. शिवाय दोन्ही टोप्या आमच्याच. वैयक्तिक कर्ज? चौदा-पंधरा टक्के सांगत होते. दिराकडे मागू? नको, असं दोघंही एकदम म्हणालो. पोस्टात आमचं आवर्ती खातं आहे, ६.७ टक्क्यांचं. ते निघालं तेव्हा आत्या पहिल्यांदा मोठ्याने हसल्या. सहा-सातने साठवत होतो आणि बेचाळीसने देत होतो. तेही मोडता येईना, कारण तीन वर्षं पुरी व्हायची होती.

राहिलं सोनं. माझ्या पाटल्या.

यावर मी काही दिवस बोललेच नाही. सोनं गहाण ठेवणं म्हणजे घर बसलं, असं आमच्या माहेरी मानतात. आईने पाटल्या करताना चार वेळा बजावलं होतं, अडीअडचणीला आहेत हो या. पण अडीअडचण म्हणजे आजारपण, ऑपरेशन, कोणाचं शिक्षण. महेश्वरी साड्या आणि गाडीभाडं ही अडचण कोणत्या तोंडाने म्हणायची? आत्यांना हे समजलं असावं. त्या म्हणाल्या, "चल, नुसतं वजन करून येऊ. विकायला नाही चाललो आपण."

म्हणून पुन्हा दिवसाचा सराफा. त्याच ओट्यांवर आता धुतलेल्या दगडाचा ओलेपणा, आत पांढऱ्या गादीवर बसलेले सराफ, समोर काचेच्या पेटीतला काटा. आत्यांचा जुना परिचय. सराफांनी पाटल्या हातात घेतल्या, आधी नुसत्याच हातावर तोलल्या, मग विचारलं, "बेचना है कि रखना है?" ना विकायच्या, ना ठेवायच्या, फक्त टंच आणि वजन सांगा, आत्या म्हणाल्या. त्यांना राग आला नाही. पाटलीची कड कसोटीच्या काळ्या दगडावर घासली, पिवळी रेघ उमटली, तिच्यावर आम्लाचा थेंब टाकला आणि रेघ किती उरते ते पाहत राहिले. बावीस कॅरेटला कमी नाही, म्हणाले. काट्यावर पाटली ठेवल्यावर पंख्याच्या वाऱ्याने आकडा थरथरायला लागला, तर त्यांनी पेटीची काच लावून घेतली आणि आकडा स्थिर होईपर्यंत कोणी बोललं नाही. दोन्ही मिळून चाळीस ग्रॅम आणि वर काही मिलिग्रॅम. ते वरचे मिलिग्रॅमसुद्धा त्यांनी चिठ्ठीवर लिहिले. घडणावळीचे पैसे मात्र कुठेच धरले नाहीत. "वो तो पहनने के थे," म्हणाले.

ठेवायच्याच असतील तर त्यांचा दर शेकडा दोन रुपये महिना. वर्षाचे चोवीस. सावकारी दर म्हणून मी मनात नाक मुरडलं आणि मग लक्षात आलं की आमच्या कार्डापुढे हा जवळजवळ निम्मा आहे.

बँकेत साडेनऊ. कागद जास्त, पण साडेनऊ. बँकेनेही सोनं तपासायला एक सराफच बसवला होता, आणि तपासणी आमच्यासमोर झाली. तिथे कळलं ते असं की दुकानातला आजचा भाव बँक धरत नाही. मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा भाव, यांतला जो कमी तो. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोनेतारणाचे नवे निर्देश काढले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० आणि त्यावर ७५ टक्के, अशी मर्यादा त्यात आहे, आणि ते सगळ्यांना लागू करायची मुदत १ एप्रिल २०२६ ची. कर्ज फिटल्यावर दागिना सात कामाच्या दिवसांत परत द्यायचा, बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. हे वाचून मला उगीचच धीर आला.

बँकेतला तरुण मुलगा मदत करणारा होता. त्याने हिशोब करून सांगितलं की मॅडम, तुमच्या पाटल्यांवर याहून बरंच जास्त निघतंय, पूर्ण घेऊन टाका, पुढेमागे लागतं. सोन्याचा भाव दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलेला, म्हणून निघत होतं. मी जवळजवळ हो म्हणाले होते. फ्रिज जुना झाला आहे. आत्यांनी माझ्या कोपराला हात लावला आणि त्याला म्हणाल्या, "एक लाख नव्वद. त्याच्या वर रुपया नको."

परतफेडीचे प्रकार दोन. एकात वर्षाच्या शेवटी सगळं एकदम भरायचं, दुसऱ्यात दर महिन्याला हप्ता. पहिला सोपा वाटतो आणि लिलावाची नोटीस येते ती बहुतेक त्यातूनच, असं आत्यांचं मत. आम्ही चोवीस हप्ते घेतले. हप्ता पावणेनऊ हजारांच्या थोडा आत. आणि इथे मला पुन्हा कागद मागून घ्यावा लागला, कारण डोक्यात बसेना. दोन कार्डांचं किमान देय आम्ही साडेनऊ हजार भरत होतो. त्यातले सात हजार आठशे व्याज आणि कर. आता त्याहून कमी पैसे भरायचे, आणि दोन वर्षांत सगळं संपणार. देणं तेच, घर तेच, पगार तोच. मी त्या मुलाला दोनदा विचारलं, यात काही राहिलं तर नाही ना? तो म्हणाला, "नाही मॅडम, एवढंच आहे."

कार्डं शून्यावर आली. पुढच्या महिन्यात एकाचं बिल आलं, दोन हजारांच्या वर. मी फोन करून भांडायच्या तयारीत. तिकडून शांतपणे समजावलं की बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही भरलंत त्या दिवसापर्यंतचं व्याज राहिलं होतं. रोजच्या रोज चढतं ते. बरोबर होतं. भरलं.

नवऱ्याने मॉलवालं कार्ड कात्रीने कापून कचऱ्यात टाकलं होतं. कापल्याने बंद होत नाही, बंद करा म्हणून बँकेला कळवावं लागतं, आणि बाकी नसेल तर बँकेने ते सात कामाच्या दिवसांत बंद करायचं असतं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड बँकेला. कळवलं, झालं बंद. कर्जांची नोंद ठेवणाऱ्या सिबिलसारख्या चारही कंपन्यांकडून वर्षाला प्रत्येकी एक अहवाल फुकट मिळतो, तो काढला, तेव्हा 'आत्ता घ्या, नंतर द्या' असलं एक विसरलेलं खातं सापडलं, नवऱ्याने कधीतरी हेडफोन घेताना उघडलेलं. सहा हजार चारशे. तेही त्या डायरीत गेलं.

पाहुण्यांचं काय करायचं, याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. येऊ नका म्हणता येत नाही आणि मला तसं म्हणायचंही नाही. आत्यांचं उत्तर होळकरांकडून आलं. अहिल्याबाईंनी काशीपासून रामेश्वरपर्यंत जी देवळं आणि घाट बांधले, ते खासगीतून. होळकरांच्या घरात राण्यांची खासगी वेगळी आणि दौलतीचा खजिना वेगळा. दानधर्म खासगीतला, दौलतीला हात नाही. "तुमची पण खासगी काढा," आत्या म्हणाल्या. आमची खासगी म्हणजे श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात एक तारखेला अडीच हजार रोख. त्यातून पाहुणे, आहेर, सराफा. संपले की महेश्वर पुढच्या खेपेला.

पहिल्यांदा त्या डब्यातले पैसे घेऊन गेलो तेव्हा बरोबर मावसदीर आणि त्यांचं कुटुंब होतं. थंडी होती. गराडू, कीस, मालपुवा, असं करता करता नवऱ्याच्या खिशातल्या नोटा विरळ होत गेल्या, आणि रबडीच्या ठेल्याशी तो, जन्मात पहिल्यांदा, फोन न काढता नुसता उभा राहिला. मला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात मावसदिरांनी झटकन फोन पुढे केला. डबी ओरडली, "एक सौ अस्सी रुपये प्राप्त हुए." ते इतके खूश झाले की पुढच्या दोन ठेल्यांवर त्यांनी आम्हाला खिशात हात घालू दिला नाही. वहिनी, तुमच्याकडे आलं की तुम्ही कधी देऊच देत नाही, म्हणाले. इतकी वर्षं त्यांना हे खुपत होतं, हे आम्हाला कुठे ठाऊक!

डबा दर महिन्याला पुरतो असं नाही. एकदा त्यात पुढच्या महिन्याचे पैसे आधीच आले होते, नवऱ्याने टाकलेले, मला न सांगता. फ्रिजही अजून तोच आहे, खडखड करणारा.

मग नाशिकला चुलत नणंदेचं लग्न आलं. हातात काचेच्या बांगड्या, पाटल्या नाहीत. मी लांब बाह्यांचं पोलकं शिवून घेतलं होतं, पण हळद लावायला बाह्या वर कराव्याच लागतात. सासूबाईंनी पाहिलं. त्या वेळी काही बोलल्या नाहीत. रात्री गच्चीवर भांडी विसळत असताना शेजारी येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "पाटल्या कुठे ठेवल्यास?"

"बँकेत."

"लॉकरात?"

"नाही. ठेवल्यात."

मी सगळं ऐकवून घ्यायच्या तयारीत होते. त्यांनी पातेलं पालथं घातलं.

"किती टक्क्यांनी?"

"साडेनऊ."

"महिन्याला हप्ता आहे की शेवटी एकदम?"

"हप्ता आहे."

"मग बरं. माझ्या वेळी पतपेढीत अठराने ठेवल्या होत्या, या फ्लॅटच्या वेळी. तुझ्या सासऱ्यांनी कोणाला सांगू दिलं नव्हतं." त्यांनी हात पुसले. "पावतीचा फोटो काढून मलाही पाठवून ठेव. मूळ पावती हरवली की फार फिरवतात."